दूधभाताची शपथ

आत्याच्या टेबलावर गेले अकरा दिवस एक कागद पडून होता. उडू नये म्हणून वर पितळी अडकित्ता. कागद म्हणजे संमतीपत्र. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडपासून आत दोन गल्ल्या सोडून तिची तीन मजली, चोवीस बिऱ्हाडांची इमारत आहे. ती पाडून नवी बांधायची, यात कुणाचंच दुमत नाही. बांधायची कुणी, यावरून मात्र सोसायटीत उभी फूट पडली आहे. जुनी कमिटी म्हणते, आपली आपण बांधू, स्वयंपुनर्विकास करू. नव्या कमिटीने बिल्डर आणलाय. दोन वर्षांपूर्वी आत्याने जुन्या सेक्रेटरीकाकांच्या वहीत सही केली होती. आता वारं फिरलंय. बिल्डरवाल्यांनी ५१ टक्क्यांचा आकडा कधीच ओलांडला आणि काकांच्या वहीतली माणसं एकेक करून पलीकडे गेली.

शनिवारी अंधेरीहून मी गेले ती हे प्रकरण उरकायलाच. मी वकिली करते, दिवसभर लोकांचे करारनामे वाचते. बिल्डरचा मसुदा दोनदा वाचून झाला होता. भाडं, कॉर्पस, बँक गॅरंटी, चटईक्षेत्र, सगळं चोख होतं.

"आत्या, करून टाक सही," मी म्हणाले.

"सही करायला काय, हात थोडाच दुखतोय माझा? पण काकांना शब्द दिलाय ना मी."

"दोन वर्षांपूर्वी दिलास. तेव्हा बिल्डर नव्हता, बहुमत नव्हतं. त्या वहीतल्या सहीला कायद्यात काडीची किंमत नाही."

"कायद्यात नसेल."

रात्रीचं तिचं जेवण ठरलेलं असतं. वाडगाभर दूधभात, वर चमचाभर साखर. तिने वाडगा हातात घेतला, भात बोटांनी मोडला आणि घास तसाच ठेवला. "शंकराजीपंतांनी यावरच हात ठेवला होता," ती म्हणाली.

आत्याने एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तिच्या घरी कुठलाही वाद शेवटी सतराव्या-अठराव्या शतकात जाऊन पोचतो, हे आम्हा भाचरांना पाठ आहे. पण त्या रात्री विषय निघाला तो साल आणि तह आठवायला नव्हे. तिचं स्वतःचं काहीतरी अडलं होतं.

गोष्ट १७०७ ची. त्या वर्षी औरंगजेब अहमदनगरला मेला आणि सत्तावीस वर्षांची लढाई एकाएकी संपल्यासारखी झाली. त्याच्या छावणीत संभाजीराजांचा मुलगा शाहू होता. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा तो सात वर्षांचा होता, आता पंचविशीचा झाला होता. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा त्याला बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाला होता. मे महिन्यात, भोपाळच्या बाजूला दोराहा इथे, त्याने शाहूला सोडलं. आई येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतलं. झुल्फिकारखानाचा सल्ला असा की हा घरी गेला की मराठे आपसात लढतील. सल्ला तंतोतंत खरा ठरला.

कारण घरी गादी रिकामी नव्हती. १७०० च्या मार्च महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा पंचविशीच्या ताराबाईंनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवलं आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. हातचे किल्ले जात होते, परत घेतले जात होते. हा कारभार ज्यांच्या खांद्यावर होता त्यांत दोन माणसं ठळक: परशुराम त्रिंबक प्रतिनिधी आणि शंकराजी नारायण सचिव. शाहू येतोय म्हटल्यावर ताराबाईंनी सांगितलं की हा तोतया आहे, मोगलांनी पाठवलेला. आणि आपल्या मुत्सद्द्यांकडून, सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेवविल्या की आम्ही आपल्याशीच इमान राखू. बखरी असंच सांगतात.

"आणि मग कळलं की येणारा तोतया नाही," आत्या म्हणाली. "खराच शाहू आहे. थोरल्या महाराजांचा, शिवाजी महाराजांचा नातू. तिकडे शपथ, इकडे नातू. शंकराजीपंतांनी काय करायचं?"

"शाहूकडे जायचं," मी म्हणाले.

"इतकं सोपं?"

"तू आत्ताच म्हणालीस ना, ताराबाईंनी तोतया आहे असं सांगून शपथ घेतली. चुकीच्या माहितीवर घेतलेली शपथ. माझ्यासमोर असा करार आला तर पहिल्या तारखेलाच उडेल तो."

"करार उडतो. जीभ कुठे उडवायची?"

शंकराजीपंतांनी उडवली नाही. त्या १७०७ च्या अखेरीस भोरजवळ अंबवड्याला त्यांनी जलसमाधी घेतली, असं परंपरा सांगते. विष घेतलं असंही कुणी म्हणतं. आत्या तिथे जाऊन आली आहे. एसटीने भोर, तिथून अंबवडे, झुलता पूल ओलांडून नागेश्वराचं देऊळ आणि तिथे सचिवांची समाधी. पूल चालताना हलतो, खाली पाणी दिसतं. तिला उंचीचं भय आहे, तरी ती मधोमध थांबली होती म्हणे. "का गं?" मी विचारलं. "पाणी बघायला," ती म्हणाली.

मला शंकराजीपंतांबद्दल आदर वाटतो, पण त्यांच्या मरणाबद्दल राग येतो, आणि हे मी तिला मोकळेपणाने सांगितलं. मावळातले किल्ले सांभाळलेला, राजाराम महाराज जिंजीला होते त्या पडत्या काळात इथली बाजू लावून धरलेला माणूस. राज्याला त्याची गरज सर्वांत जास्त कधी होती, तर त्याच वर्षी. शिवाय राजाराम महाराजांच्या एका पत्रात स्पष्ट आहे की शाहू सुटून आला की राज्य त्याचंच, आम्ही करतोय ते त्याच्यासाठी. म्हणजे ज्या राजाचं मीठ पंतांनी खाल्लं, त्यानेच वाट मोकळी करून ठेवली होती. आणि मरून साधलं काय? पंतांचा मुलगा नारो शंकर लहान होता. शाहूने त्याच्या आईचं सांत्वन केलं आणि सचिवपद त्या पोराकडेच ठेवलं. घर तगलं, पद तगलं. गेला तो फक्त एक कर्ता माणूस.

"साधलं काहीच नाही," आत्या म्हणाली. "कबूल. पण सगळ्याच गोष्टी काही साधायला करत नाहीत गं. त्यांना एका ताटात बसता येईना आणि दुसरं लाथाडता येईना."

ताट हा शब्द तिने मुद्दाम वापरला होता. कारण शाहूच्या बाजूनेही साक्ष जेवणाचीच निघाली होती. लोक तोतया म्हणत असताना वऱ्हाडाकडचे परसोजी भोसले उठले आणि शाहूबरोबर एका ताटात जेवले. भोसल्यांच्या कुळातला माणूस परक्याच्या ताटात हात घालणार नाही, तेव्हा हा खराच, असा त्याचा अर्थ. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. एका बाजूला दूधभात, दुसऱ्या बाजूला एक ताट. राज्य कुणाचं हे ठरवायला दोन्हीकडच्यांना स्वयंपाकघरातल्या गोष्टीच सापडल्या. भाऊबंदकीच ती, दुसरं काय सापडणार?

मी मग धनाजी जाधवांवर आले. माझी बाजू तिथे भक्कम आहे असं मला वाटत होतं. १२ ऑक्टोबर १७०७ ला भीमेकाठी खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंच्या बाजूने सेनापती धनाजी जाधव आणि प्रतिनिधी परशुरामपंत. लढाईआधी बाळाजी विश्वनाथ आणि खंडो बल्लाळ चिटणीस यांनी धनाजींची खात्री पटवली की हा खरा वारस आहे. धनाजी लढले नाहीत, शाहूला मिळाले. पंत एकटे पडले आणि साताऱ्याकडे मागे फिरले.

"धनाजींनी त्या दिवशी हजारो मराठ्यांचे जीव वाचवले," मी म्हणाले. "दोन्हीकडे आपलीच माणसं होती. संताजी-धनाजी म्हणून ज्यांचं नाव घेतो त्यातले धनाजी. त्यांना तू फितूर म्हणणार?"

"नाही म्हणणार. पण त्यांच्या शेजारी पंत उभे होते की नाही? एकाच फौजेत, एकाच निशाणाखाली? मन बदललं तर बदललं. तसं रात्री पंतांच्या डेऱ्यात जाऊन सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर पंतांनी धरलं असतं त्यांना."

"धरलं असतं," आत्या म्हणाली. "तेवढी किंमत होती त्याची."

"आणि खंडो बल्लाळ?" मी विचारलं. हा माझा हुकमाचा पत्ता होता. जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना सुखरूप बाहेर काढायचं होतं. मोगलांकडे असलेल्या शिर्क्यांची मदत लागणार होती आणि त्यांनी मागितलं खंडो बल्लाळांचं दाभोळचं वतन. खंडो बल्लाळांनी ते देऊन टाकलं. त्या काळी माणूस वतनासाठी बाप विसरायचा, वतनासाठी मोगलांना मिळायचा, आणि या माणसाने धन्यासाठी वतन सोडलं. तोच माणूस १७०७ मध्ये शाहूकडे गेला. त्याच्या निष्ठेवर शंका कोण घेईल?

आत्या बराच वेळ गप्प होती. वाडग्यातला भात आता घट्ट झाला होता. तिने त्यात चमचाभर दूध ओतलं. "खंडो बल्लाळांवर नाही बोट ठेवता येत," ती म्हणाली. "पण त्यांनी आधी दिलं, मग सोडलं. बाकीच्यांचा हिशेब उलटा होता."

यावर मी वाद घातला नाही, कारण ती बरोबर होती.

खरा अवघड माणूस मात्र परशुरामपंत, आणि आमचा वाद तिथेच रंगला. साताऱ्याजवळच्या किन्हईच्या कुलकर्ण्यांच्या घरातला हा मुलगा. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली तयार झाला. १६९२ मध्ये पन्हाळा मोगलांकडून परत घेण्यात पुढे होता. पण त्याच्या आयुष्यात एक असं पान आहे, जे शाळेत शिकवताना आत्याही उलटून जायची. १७०२ साली औरंगजेब स्वतः खेळणा, म्हणजे विशाळगड, वेढून बसला होता. आत पंत होते. सहा महिने त्यांनी गड लढवला. जून महिन्यात, ऐन पावसात, दोन लाख रुपये घेऊन खाली केला.

"म्हणजे तुझे पंत वाकायचे," मी म्हणाले. "हिशेब कळायचा त्यांना."

"शत्रूशी हिशेबच करायचा असतो. बादशहाचं अर्धं वर्ष खाल्लं, वर त्याचेच दोन लाख घेतले. बादशहा गेला की गड परत घ्यायचा, हा त्या सात वर्षांचा सगळ्यांचाच डाव होता. माणसाला दिलेला शब्द आणि किल्ल्याची किंमत, ह्या दोन वेगळ्या वह्या आहेत."

आणि मग तिने साताऱ्याची गोष्ट सांगितली. मी ती लहानपणापासून ऐकलेली आहे, पण तिच्या तोंडून ऐकताना दर वेळी वेगळ्या माणसाकडे लक्ष जातं. या वेळी गेलं शेख मिऱ्याकडे. खेडहून मागे फिरलेले पंत अजिंक्यताऱ्यावर चढून बसले होते. शाहूने खाली वेढा घातला. गडाचा हवालदार शेख मिरा. त्याची बायकामुलं वाईला होती. बाळाजी विश्वनाथाने ती धरून आणली आणि निरोप पाठवला की गड दे, नाहीतर ह्यांना तोफेच्या तोंडी देतो. शेख मिऱ्याने पंतांना सांगून पाहिलं. पंत ऐकेनात. तेव्हा त्याने पंतांनाच कैद केलं आणि दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ ला शाहूचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला. पंत कैदेत.

"शेख मिऱ्याला काही म्हणशील?" मी विचारलं.

"छे. त्याच्या जागी देवसुद्धा दरवाजा उघडेल."

"आणि बाळाजींना?"

"बाळाजींना म्हणेन. पुढे कितीही मोठे झाले तरी म्हणेन. पोरंबाळं तोफेपुढे उभी करून मिळवलेला किल्ला." तिने वाडगा खाली ठेवला. "आणि पंतांनाही म्हणेन. इमान राखायचं तर स्वतःच्या मानेवर राखावं. शेख मिऱ्याच्या पोरांच्या मानेवर नव्हे."

हे मला तिच्याकडून अपेक्षित नव्हतं. निष्ठेची बाजू ती लढवत होती आणि निष्ठावंतालाच तिने असं उभं केलं.

मला मग वेल्समधला एक माणूस आठवला. कायदा शिकताना कुठेतरी भेटलेला, पुढे सुटला नाही असा. डेव्हिड जेंकिन्स. इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली तेव्हा हा वेल्समध्ये राजाचा न्यायाधीश होता, आणि राजाच्याच बाजूने राहिला. १६४५ च्या डिसेंबरात हेरफर्ड शहर पडलं तिथे तो धरला गेला. वर्षानुवर्षं कैदेत. पार्लमेंटपुढे उभा केला तेव्हा गुडघे टेकेना. सांगे की राजाशिवाय तुमचा अधिकारच मी मानत नाही. हजार पौंड दंड झाला. फाशीची वेळ आलीच तर एका बगलेत बायबल आणि दुसऱ्या बगलेत मॅग्ना कार्टा घेऊन चढायचं त्याने ठरवलं होतं म्हणे. १६४९ मध्ये राजाचं डोकं उडालं, ह्याचं राहिलं. राजाचा मुलगा परत आलेला त्याने पाहिला आणि १६६३ मध्ये म्हातारा होऊन मेला.

आत्याला हा माणूस इतका आवडला की तिने नाव दोनदा विचारून घेतलं.

"पण बघ," मी म्हणाले, "तो राजाला चिकटला नव्हता, कायद्याला चिकटला होता. म्हणून त्याच्या बगलेत पुस्तकं होती. शंकराजीपंतांच्या हातात काय होतं? भात."

"त्याला एकच राजा होता गं. समोर पार्लमेंट. कुणीही सांगेल आपला कोण, परका कोण. आमच्या पंतांसमोर दोन्हीकडे थोरल्या महाराजांची नातवंडं. कायदा म्हणशील तर तो दोन्हीकडे होता. शाहू थोरल्या पातीचा. आणि ताराबाईंचं म्हणणंही काही हवेतलं नव्हतं: संभाजीराजांच्या वेळचं राज्य बुडालं, माझ्या नवऱ्याने आणि मी ते नव्याने मिळवलं, तर ते माझ्या मुलाचं. असं असताना कुठलं पुस्तक बगलेत मारायचं?"

तिचं हे उत्तर मला आजही खोडता येत नाही. तिकडे हरलेल्या राजनिष्ठांनी दंड भरून आपल्या जमिनी सोडवून घेतल्या, इकडे परशुरामपंतांनीही शेवटी शाहूची चाकरी धरली. पण त्यांचा दंड पैशात मोजता येणारा नव्हता. कैदेतून सोडून शाहूने त्यांना प्रतिनिधिपद परत दिलं आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी याला विशाळगडाकडे पाठवलं. कृष्णाजी तिथे पोचला आणि ताराबाईंच्या पक्षाला मिळाला. शाहू संतापला. बापाची फूस असणार म्हणून पंतांचे डोळे काढायचा हुकूम निघाला. खंडो बल्लाळांनी मध्ये पडून तो थांबवला. पंत पुन्हा कैदेत, १७१३ च्या सुमारास पुन्हा बाहेर, पुन्हा प्रतिनिधी. १७१८ मध्ये ते वारले तेव्हा एक मुलगा विशाळगडाला विरोधी, कोल्हापूरच्या गादीचा प्रतिनिधी होता आणि दुसरा, श्रीपतराव, साताऱ्याला शाहूच्या उजव्या हाताला. दोन्ही घराणी पुढे सव्वादोनशे वर्षं टिकली. विशाळगडचे प्रतिनिधी आणि औंधचे प्रतिनिधी, एकाच बापाची. दोन गाद्यांमधली फूट त्या घरात जन्मभर नांदली.

"बाप मनातून कुठे होता, कोण जाणे," आत्या म्हणाली.

"डोळे काढायची पाळी आली तेव्हासुद्धा मुलाला परत बोलावल्याचं कुठे दिसत नाही."

"मग त्यातच उत्तर आलं की."

मी तिला म्हणाले की या इमानाची किंमत दुसऱ्यांनी मोजली, तेही धर. धनाजींचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये हरणाच्या शिकारीवरून बाळाजीशी भांडला, शाहूला सोडून ताराबाईंकडे गेला आणि तिथून थेट निजामाकडे. शाहूचे चुलतभाऊ, कोल्हापूरच्या गादीवरचे संभाजीराजे पुढे निजामाच्या आडोशाला गेले, त्यातून १७२८ ची पालखेडची लढाई उभी राहिली. वारणेचा तह व्हायला १७३१ उजाडलं. चोवीस वर्षं! आणि इथली गोष्ट घे. आपण बसलोय ते मुलुंड, घाटकोपर, पलीकडे अंधेरी-बोरिवली, ही सगळी साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. शेजारच्या मुंबई बेटावर इंग्रज. किनाऱ्यावर दोघांनाही धाक होता तो कान्होजी आंग्र्यांचा, आणि कान्होजी ताराबाईंचे सरखेल म्हणून शाहूच्याच मुलखावर चालून आले होते. १७१३ मध्ये त्यांनी शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे पकडून ठेवला. बाळाजीने जाऊन समेट केला म्हणून निभावलं. ठाणं आणि साष्टी हाती यायला १७३७ साल लागलं. घरातलं भांडण नसतं, तर या खाडीकाठी पोर्तुगीज आणखी तीस वर्षं राहिले असते का?

"असतेही," ती म्हणाली. इतिहासात 'नसतं तर' लिहिलेल्या मुलांचे मार्क ती कापायची, हे मला ठाऊक होतं.

"आणि ज्यांच्यासाठी शंकराजीपंत मेले, त्या ताराबाईंचं काय झालं?" मी सोडलं नाही. "१७१४ मध्ये पन्हाळ्यावर त्यांच्या सवतीने, राजसबाईंनी, त्यांना मुलासकट कैद केलं आणि आपला मुलगा गादीवर बसवला. रामचंद्रपंत अमात्यांचा त्याला हात होता असं मानतात. ज्यांनी आज्ञापत्र लिहिलं, राजनीतीवरचं आपलं सगळ्यात मोठं लिखाण, त्या अमात्यांचा! म्हणजे त्यांच्या बाजूच्या माणसांनीसुद्धा शपथ पाळली नाही. पाळली ती मेलेल्या माणसाने."

आत्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण बोलून गेले होते.

"पुढचं सांगू?" ती म्हणाली. "ताराबाई जगल्या १७६१ पर्यंत. शहाऐंशी वर्षं. पानिपत ऐकून मेल्या. शाहूला वारस मुलगा नव्हता. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्यांनीच सांगितलं की माझा नातू आहे, लपवून वाढवलाय, रामराजा. त्याला गादीवर बसवलं. त्याने पेशव्याला सोडून आपलं ऐकावं असं त्यांना वाटत होतं, त्याने ऐकलं नाही. १७५० च्या नोव्हेंबरात त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवला आणि लोकांना सांगितलं, हा माझा नातू नव्हे. तोतया आहे."

पुन्हा तोच किल्ला, पुन्हा तोच शब्द. त्रेचाळीस वर्षांनी.

"मी शाळेत कधी हे दोन्ही एका तासाला शिकवलं नाही," आत्या म्हणाली. "पहिला तोतया सातवीला यायचा, दुसरा वगळायचे मी. मुलींना ताराबाई आवडायच्या. मलाही आवडतात. अजून."

बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. खाली कुणीतरी स्कूटर काढत होतं. मला सारखा अंबवड्याचा पूल दिसत होता आणि त्याच्या मधोमध उभी असलेली, उंचीला भिणारी माझी आत्या.

"आत्या, मला एक सांग," मी शेवटी म्हणाले. "ताराबाई काही सात समुद्रांपलीकडे नव्हत्या. शंकराजीपंत घोड्यावर बसून त्यांच्याकडे का गेले नाहीत? समोर उभं राहून म्हणायचं, आईसाहेब, तुम्ही सांगितलंत तो तोतया आहे. तो तोतया नाही. माझी शपथ मला परत द्या."

"शपथ परत मागता येते?"

"मागता येते. देतील न देतील. कैद करतील, धनाजींना परशुरामपंतांनी केली असती तशी. तूच म्हणालीस, तेवढी किंमत होती त्याची."

ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गात एखाद्या शेवटच्या बाकावरच्या मुलीने अनपेक्षित उत्तर दिलं की ती अशी बघत असणार.

"त्यांना वाटलं असेल, तोंड कसं दाखवायचं," ती हळू म्हणाली. "मरण सोपं वाटलं असेल त्यापेक्षा."

"तुला काय वाटतं?"

तिने उत्तर दिलं नाही. राहिलेले दोन घास खाल्ले, उठून वाडगा विसळला, पालथा घातला. साडीच्या पदराला हात पुसले. मग टेबलाशी येऊन अडकित्ता बाजूला केला आणि संमतीपत्र उचललं. मी पर्समधून पेन काढून पुढे केलं.

"राहू दे ते," ती म्हणाली. "काका साडेनऊला झोपतात. आधी त्यांच्याकडे जाऊन येते."

"मी येऊ?"

"नको."

काका बी विंगला तिसऱ्या मजल्यावर राहतात. आत्याचे यजमान गेले त्या रात्री हॉस्पिटलात तिच्याबरोबर बसले होते ते काकाच. हल्ली त्यांच्या दारावरची बेल फारशी कुणी वाजवत नाही. आत्याने चपला घातल्या, कागदाची घडी घातली, मोडली, आणि तो तसाच उघडा हातात धरला. जिन्यात तिची पावलं ऐकू येत होती. प्रत्येक वळणावर गुडघ्यासाठी थांबत, कठड्याला धरत, ती उतरत होती.